समुद्रापार निघालेली मोटार

दूर देशीं निघालेला मनुष्य बरोबर काय न्यावें ह्याचा विचार करूं लागला, म्हणजे त्याच्या आवडीनिवडींचा खरा थांग लागतो. कोणी पुस्तकांची पेटी घेतो, कोणी सतारीला कापडाचे वेढे देतो, आणि महाराष्ट्रीय माणसाच्या सामानांतून लोणच्याची बरणी तर क्वचितच सुटते. परंतु आपली स्पोर्ट्स मोटार मागें ठेवून जाणें ज्यांच्या जिवावर येतें, असाहि एक वर्ग जगांत आहे. ठेंगणी, दोनच माणसांची, सामानाला धड जागा नसलेली आणि वेगापलीकडे फारसा उपयोग नसलेली अशी ही मोटार. पण धन्याचा जीव तिच्यांत गुंतलेला.

समजा, अमेरिकेंतील अशा एका गृहस्थास उन्हाळ्याचे चार-पांच महिने जर्मनींत घालवावयाचे आहेत. त्याच्या मनांत येतें, कीं आपली मोटार बरोबर न्यावी. ऑटोबानच्या ज्या भागांवर वेगाची मर्यादा नाहीं तेथें ती एकदां मनसोक्त पिटाळावी. १९२७ सालीं खुल्या झालेल्या न्यूर्बुर्गरिंगच्या जवळजवळ २१ किलोमीटर लांबीच्या नागमोडी मार्गावर, पैसे भरून कां होईना, एक फेरी मारावी. आणि शेवटीं चांगलें गिऱ्हाईक भेटल्यास तेथेंच विकून परतीचें भाडें वाचवावें. बेत ऐकावयास गोड आहे. त्यांतील ‘आणि शेवटीं’ ह्या दोन शब्दांपाशीं मात्र सगळी अडचण दडून बसलेली असते.

मोटार समुद्रापार नेण्याचे मार्ग मुख्यतः दोन. मोटारी वाहण्यासाठींच बांधलेलीं जहाजें असतात; त्यांच्या पोटांत एकावर एक मजले रचलेले असून मोठ्या जहाजांत हजारों मोटारी मावतात. बंदरावरचा माणूस मोटार चालवीत आंत नेतो आणि पलीकडचा माणूस चालवीत बाहेर काढतो. हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो. पण किल्ल्या परक्याच्या हातीं द्याव्या लागतात. दुसरा मार्ग कंटेनरचा, म्हणजे पोलादी पेटाऱ्याचा. वीस फुटी पेटाऱ्यांत एक मोटार बसते, चाळीस फुटींत दोन. चाकांच्या पुढें-मागें लांकडी ठोकळे ठोकतात, पट्टे ताणून ते तळाच्या कड्यांना बांधतात, बॅटरीच्या तारा सोडवितात, आणि पेट्रोलची टांकी चौथाईपेक्षां अधिक भरलेली ठेवीत नाहींत. स्पोर्ट्स मोटार जमिनीला इतकी लगटून चालते, कीं चढावाच्या फळीचा कोन थोडा जरी अधिक असला तरी तिचा पुढचा ओठ घासतो. शिवाय पेटारा अरुंद. मोटार रुंद असली तर आंत गेल्यावर चालकाला दार पुरें उघडतां येत नाहीं. बिचाऱ्याला खिडकींतून अंग चोरून बाहेर यावें लागतें. म्हणून जाणता मालक पेटारा बंद होण्यापूर्वीं मोटारीच्या प्रत्येक ओरखड्याचें छायाचित्र घेऊन ठेवतो. नवा ओरखडा कोणत्या किनाऱ्यावर पडला, हा वाद त्यावांचून मिटत नाहीं.

अमेरिकेच्या बंदरांतून मोटार बाहेर पाठवावयाची तर तिचीं मालकीचीं कागदपत्रें आणि स्वतः मोटार जहाज सुटण्याच्या किमान ७२ तास आधीं जकात अधिकाऱ्यांपुढें हजर करावीं लागतात. चोरलेल्या मोटारी पेटाऱ्यांत लपवून परदेशीं धाडण्याचा धंदा मोठा आहे, त्यामुळें हा निर्बंध. माल चढल्यावर ‘बिल ऑफ लेडिंग’ हातीं येतें. पलीकडे मोटार ताब्यांत मिळते ती ह्या कागदाच्या आधारावर.

समुद्रावरच्या धोक्यांसंबंधीं लोक एक तर फार भितात, नाहीं तर मुळींच भीत नाहींत. २०२२ च्या फेब्रुवारींत जर्मनींतील एम्डेन बंदरांतून अमेरिकेकडे निघालेल्या ‘फेलिसिटी एस’ ह्या जहाजास अझोर्स बेटांजवळ आग लागली. जहाजावर सुमारें ४,००० मोटारी होत्या, त्यांत पोर्शे, बेंटली आणि लँबोर्गिनीहि होत्या. सर्व २२ खलाशी सुखरूप वांचले. पण जहाज ओढून नेत असतां १ मार्च रोजीं तें मोटारींसकट तळाला गेलें. असे प्रसंग विरळा. त्याहून अधिक जणांना गांठणारी आणि फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट निराळीच आहे. सागरी व्यवहाराचा एक पुरातन नियम असा, कीं जहाज वांचविण्यासाठीं जो खर्च अगर त्याग करावा लागतो त्याचा भार जहाजावरील सर्व मालाच्या धन्यांनीं आपापल्या मालाच्या किंमतीच्या प्रमाणांत उचलावा. ह्यास ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. २०२१ च्या मार्चमध्यें ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुएझच्या कालव्यांत आडवें अडकलें होतें, तें श्रोत्यांस आठवत असेल. त्या वेळीं जहाजाच्या मालकांनीं ह्याच नियमाचा आधार घेतला. ज्यांच्या मालाला साधा ओरखडाहि उठला नव्हता, त्यांनाहि आपला माल सोडवून घेण्यापूर्वीं हमी द्यावी लागली. विम्याचा हप्ता वाचविणारा मालक अशा वेळीं स्वतःच्याच मोटारीकडे बंदराच्या कुंपणापलीकडून पाहत उभा राहतो.

तरीहि समुद्र हा ह्या प्रवासाचा सोपा भाग म्हणावा लागेल. पलीकडच्या धक्क्यावर मोटार उतरली, कीं जकात अधिकारी तिच्याविषयीं एकच प्रश्न विचारतो: ही येथें पाहुणी म्हणून आली आहे, कीं नांदावयास? पाहुणीला फारशी बंधनें नसतात. युरोपीय संघाबाहेर राहणारा मनुष्य संघाबाहेर नोंदलेली आपली मोटार सामान्यतः सहा महिनेपर्यंत जकात न भरतां तेथें वापरूं शकतो. तेथील रस्त्यांस मान्य असा विमा उतरवावा लागतो, इतकेंच. पण ह्या पाहुणीचें तेथेंच लग्न लावून देतां येत नाहीं. विकावयाची म्हटलें, कीं ती नांदावयास आलेली ठरते. मग आयात जकात आणि तिच्यावर जर्मनींत १९ टक्के मूल्यवर्धित कर. तेवढ्यानेंहि भागत नाहीं. नव्या धन्याच्या नांवें नोंद होण्यापूर्वीं मोटारीची तेथील नियमांप्रमाणें तपासणी व्हावी लागते. अमेरिकेंत मागचा वळणदर्शक दिवा तांबडा असला तरी चालतो, युरोपांत तो नारिंगी लागतो. पुढच्या दिव्यांचा प्रकाशझोतहि निराळ्या मापाचा. जन्मानें जर्मन, पण अमेरिकेसाठीं घडविलेली मोटार जन्मभूमींतच अशी परकी ठरते, हें पाहून धनी थक्क होतो. कायमचें बिऱ्हाड हलविणाऱ्याला जकातींत सूट आहे. परंतु मोटार आधीं सहा महिने तरी त्याच्या वापरांत असली पाहिजे, आणि सूट घेतल्यावर बारा महिने ती विकतां येत नाहीं. ‘चालवावी आणि शेवटीं विकावी’ हा बेत जेथें जेथें डोकें वर काढतो, तेथें तेथें कायद्यानें आधींच एक खुंटी ठोकून ठेवलेली आहे.

कित्येक देशांना तोंडी आश्वासन पुरत नाहीं. त्यांच्यासाठीं ‘कार्ने द पासाज’ नांवाचें एक पुस्तक काढावें लागतें. प्रत्येक देशासाठीं त्यांत एक पान; मोटार आंत येतांना त्याचा एक भाग फाडून घेतात, बाहेर जातांना दुसरा, आणि शिक्क्यांसह स्थळप्रत मालकापाशीं राहते. भारतांतून मोटार घेऊन निघणाऱ्यास हें पुस्तक मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून, म्हणजे १९१९ सालापासून चालत आलेल्या संस्थेकडून, मिळूं शकतें. पुस्तक देणारी संस्था मोटारीची जामीन राहते, म्हणून ती मालकाकडून तारण घेते. मोटार परत बाहेर पडल्याचा शिक्का नसला, तर त्या देशाची जकात त्या तारणांतून वसूल होऊं शकते. एक शिक्का राहून गेल्यामुळें घरीं परतल्यावर महिनेच्या महिने पत्रव्यवहार करीत बसणें ही ह्या पुस्तकाची नेहमीची शिक्षा होय.

नांदावयास जाणाऱ्या मोटारीला एक गोष्ट मात्र मोठी उपकारक ठरते. ती म्हणजे वय. माणसाच्या बाबतींत जो दोष मानतात तोच येथें गुण होतो. तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपांत राखलेली आणि जिचें उत्पादन थांबलें आहे अशी मोटार युरोपांत ऐतिहासिक वस्तु म्हणून येऊं शकते. तिला आयात जकात नाहीं, आणि जर्मनींत १९ ऐवजीं ७ टक्केच कर. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेंत पत्र्याला गंज धरत नाहीं. त्यामुळें तेथें अनेक दशकें नांदलेल्या जुन्या पोर्शे आणि मर्सिडीज मोटारींना युरोपांत गिऱ्हाईक असतें, आणि त्या समुद्र ओलांडून माहेरीं येतात. अमेरिकेंत हीच वयाची रेषा २५ वर्षांवर आहे. जपानची निसान स्कायलाइन जीटी-आर मोटार १९८९ सालीं नव्या रूपांत निघाली, पण अमेरिकेंत ती विक्रीस गेलीच नाहीं. २०१४ सालीं त्या वर्षींच्या मोटारींनीं पंचविशी गांठतांच, उजव्या बाजूच्या चक्रासह, त्यांना तिकडचें दार उघडलें.

ही रेषा ओलांडण्याची वाट न पाहणाऱ्यांची काय गत होते, ह्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण बिल गेट्स ह्यांच्या पोर्शे ९५९ चें. ताशीं ३०० किलोमीटरांहून अधिक धांवणारी ही मोटार १९८० नंतरच्या दशकांत निघाली. अमेरिकेचा नियम असा होता, कीं सुरक्षिततेच्या चांचणीसाठीं कांहीं मोटारी आपटून, चिरडून दाखवाव्यात. कंपनीनें त्यासाठीं मोटारी देण्याचें नाकारलें. परिणामीं गेट्स ह्यांची मोटार सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरांत जकातखात्याच्या ताब्यांत सुमारें १३ वर्षें पडून राहिली. जगांतील अत्यंत श्रीमंतांपैकीं एक मनुष्य, आणि त्याची मोटार घरापर्यंत येईना! पुढें कायद्यांत बदल होऊन १९९९ पासून तंत्राच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या मोटारी ‘दाखविण्यासाठीं’ आणण्याची मुभा मिळाली. अट इतकीच, कीं त्यांनीं वर्षांत २,५०० मैलांहून अधिक धांवूं नये.

मुंबईकरांना ह्या विषयाची आठवण निराळ्या कारणानें आहे. २००२ सालीं सचिन तेंडुलकर ह्यांनीं डॉन ब्रॅडमन ह्यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, त्या निमित्तानें त्यांना फेरारी ३६० मोदेना मोटार भेट मिळाली. मायकेल शूमाखर ह्यांनीं ती सिल्व्हरस्टोन येथें त्यांच्या स्वाधीन केली. भेटीला पैसे पडत नाहींत, जकातीला पडतात. त्या वेळचा आकार किंमतीहूनहि अधिक होता. रक्कम सुमारें १ कोटि १३ लक्ष रुपयांची झाली. सरकारनें ती माफ केली तेव्हां वाद उठला, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि अखेर फियाट कंपनीनें ती भरली. खेळाडूचा मान आणि करदात्याचा न्याय ह्या दोन्ही बाजूंना तेव्हां प्रामाणिक माणसें होतीं. मोटार २०११ सालीं विकली गेली.

ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्यांसाठीं एक लहानशी सूचना. तेथें २००३ च्या अखेरीपासून ॲस्बेस्टॉसला पूर्ण बंदी आहे, आणि जुन्या मोटारींच्या ब्रेकमध्यें तें हमखास सांपडतें. चाकांच्या कोनाड्यांतली माती नि गवताचें बीहि तेथें खपत नाहीं. जहाजावर चढविण्यापूर्वीं मोटार खालून धुवावी, आणि धुतल्याची पावती जपून ठेवावी.

आरंभींच्या त्या गृहस्थाच्या उन्हाळ्याला ह्या हिशेबानें पाहिलें, तर त्याचा निर्णय जर्मनींत व्हावयाचा नसून अमेरिकेचा किनारा सोडण्यापूर्वींच व्हावयाचा असतो. विकावयाचीच असेल तर जकात, कर आणि तपासणीचा खर्च मांडून, मग गिऱ्हाइकाला सांगावयाचा आंकडा ठरवावा. चालवावयाचीच असेल तर परतीच्या जहाजावरची जागा जातांनाच धरून ठेवावी, कारण सहावा महिना हिंडणाऱ्याला नेहमीच लवकर येतो. मग एका सकाळीं ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर तोच पोलादी पेटारा पुन्हां उघडा असतो; टांकींत चौथाई पेट्रोल, बॅटरीच्या तारा सुटलेल्या, पट्टे ताणलेले, आणि धनी खिडकींतून बाहेर पडण्याची खटपट करीत असतो.