नवा अँप्लिफायर आणि काकींचा गळा

 

आज आम्ही आमच्या बेंजो पथकाची गोष्ट सांगणार आहोत. खरं तर पथकाची नाही, पथकासाठी आणलेल्या अँप्लिफायरची. कोकणात बेंजो सगळ्यांना माहीत. घाटावरच्या सख्यांसाठी थोडं सांगतो. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. हे वाद्य मूळचं जपानचं. नागोया शहरात १९१२ साली ते तयार झालं, आणि आपल्याकडे येऊन त्याचं बुलबुलतरंग झालं. पुढे त्याला पिकअप लागला, वायर जोडली गेली आणि ते हळदीत, गणपतीच्या मिरवणुकीत वाजू लागलं. पण वायर काढली तर बेंजो जवळजवळ मुकाच. शेजारी बसलेल्या बाईला तेवढी किणकिण ऐकू येते.

आमच्या पथकात अकरा जणी आहोत. बेंजो वहिनी वाजवते, दोघी ढोलकीवर, तिघी ढोलावर, बाकीच्या झांजा आणि कोरस. गाणं म्हणतात काकी. काकींचं वय बासष्ट. गौरीच्या फुगड्यांपासून भजनापर्यंत वाडीत त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

आतापर्यंत साउंड आम्ही भाड्याने आणायचो. सहा हजारांची सुपारी असली तर अडीच हजार साउंडवाल्याचे. त्याचंही आम्हाला एवढं वाटत नव्हतं. पण बटण त्याच्या हातात. एका हळदीत ऐन रंगात बेंजो बंद. वहिनी वाजवते आहे, बोटं चालली आहेत, आवाज नाही. साउंडवाला मोबाइलवर बोलत मांडवाच्या बाहेर. तो येईपर्यंत नुसत्या ढोलावर गाणं पुरं केलं. घरी येताना टेम्पोत कोणीच बोललं नाही.

मग मासिक सभेत विषय निघाला. गटाची बचत वाजंत्रीसाठी कशी काढायची, असं दोघींनी विचारलं, आणि त्यांचं विचारणं बरोबरच होतं. ती बचत आजारपणाची, शाळेच्या फीची, बियाण्याची. म्हणून देणगी नाही, पथकाला अंतर्गत कर्ज द्यायचं ठरलं. बारा हजार रुपये, दरमहा एक टक्का व्याज, हप्ता सुपारीच्या पैशातून. आम्ही ठराव लिहिला, अकराही जणींच्या सह्या घेतल्या.

तालुक्याच्या दुकानात गेल्यावर दुकानदाराने गिटारचा अँप्लिफायर दाखवला. साठ वॅटचा, आतच बारा इंची स्पीकर. बेंजोला हाच चांगला, म्हणाला, आणि दुसऱ्या भोकात माइकही लागतो. किंमत अकरा हजार पाचशे. वाडीतल्या मुलांनी आधीच आमचे कान भरले होते की दोनशे वॅटच्या खाली घेऊ नका. पण वॅटचं गणित तसं नसतं. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम थोडा वाढल्यासारखा वाटतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. समाजमंदिरात आणि मांडवात वाजवायला साठ पुष्कळ होते. आम्ही एकच अट घातली, आठ दिवस तालमीत वाजवून बघू, नाही पटला तर बदलून द्यायचा. दुकानदाराने बिलावर तसं लिहून दिलं. हे लिहून घेतलं म्हणून पुढचं सगळं निभावलं.

पहिली तालीम समाजमंदिरात, रात्री आठला. स्वयंपाक, जेवणं, भांडी आवरून सगळ्या हजर. साडेनऊला थांबायचं हा आमचा नियम, कारण दहा वाजल्यानंतर सकाळी सहापर्यंत उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, आणि शेजारी सातवी-आठवीची पोरं अभ्यासाला बसलेली असतात.

वायर लावली, बटण दाबलं, आणि आधी घुर्रर्र. वहिनीचा हात तारेवर पडला की घुर्र कमी, हात उचलला की पुन्हा सुरू. पोरी हसल्या, म्हणाल्या, यंत्राला वहिनी आवडली. वहिनीही हसली. मग ती कोरससाठी माइककडे वाकली, एक हात तारेवर होताच, आणि ओठ माइकच्या जाळीला टेकताच ती मागे फेकल्यासारखी झाली. ओठाला झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. तालीम तिथेच बंद केली.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. समाजमंदिराच्या बोर्डला तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. अर्थिंग नाही. कित्येक वर्षं आम्ही तिथे पंखे, दिवे लावत होतो, कोणाला कळलं नाही. कोळसा-मीठ घालून खड्डा केला, तांब्याची वायर बोर्डापर्यंत आणली. घुर्र जवळजवळ गेली आणि झिणझिण्याही गेल्या. सख्यांनो, तुमच्या गटाकडे पिठाची चक्की असो, शेवयांचं मशीन असो, तीन पिनांतली मोठी पिन तोडून दोन भोकांच्या बोर्डात लावायचा उद्योग कोणी करत असेल तर त्याचा हात धरा. आमच्यातल्या एकीच्या घरी मिक्सरला तेच केलेलं सापडलं.

पुढच्या तालमीला यंत्र नीट समजून घेतलं. त्याला आवाजाची दोन बटणं असतात. एक बेंजोकडून येणारा आवाज किती आत घ्यायचा याचं, दुसरं बाहेर किती सोडायचा याचं. पहिलं जास्त फिरवलं की आवाज फाटतो. शिवाय मुद्दाम आवाज फाडायचं एक वेगळं बटणही होतं, ते ढोलवाल्या पोरीने दाबलं. मांजरपाट टर्रकन फाडावं तसा बेंजो ओरडला. पोरींना ते भलतंच आवडलं. आम्हाला नाही. पण एका कोळीगीताच्या शेवटी ते वापरायचं यावर तडजोड झाली.

जागेचाही परिणाम होतो. अँप्लिफायर कोपऱ्यात फरशीवर ठेवला तर नुसतं घुमतं. खुर्चीवर, भिंतीपासून दोन हात पुढे ठेवला तर सूर मोकळे होतात. वर पत्रे, खाली सिमेंट, म्हणून आवाज परत परत आदळत होता. मागच्या भिंतीवर दोरी बांधून चार गोधड्या लटकवल्या, आदळणं बरंच बसलं.

मग आम्ही एक केलं. एकेक जण आळीपाळीने पंधरा फूट समोर जाऊन उभी राहिली आणि बाकीच्यांनी वाजवलं. इतकी वर्षं आम्ही वाजवतो आहोत, पण आपलं पथक समोरून कसं ऐकू येतं हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. कळणार कसं, आम्ही नेहमी स्पीकरच्या मागे. वहिनीच्या जागी आमच्यातल्या एका पोरीने चार ओळी वाजवल्या तेव्हा वहिनी समोर उभी राहिली आणि ओरडली, "अगो, ढोल केवढा! बेंजो कुठे आहे?" ढोलवाल्यांनी हात आवरले. आधी आम्ही बेंजो वाढवत होतो, ढोल त्याच्यावर चढत होता, पुन्हा बेंजो वाढवत होतो. आता उलटं केलं, आणि बेंजो किती गोड वाजला म्हणून सांगू.

गोडाच्या मागून कडू आलं. काकींनी माइक हातात घेतला आणि आवाज आला तो तोंडावर टोप धरून गावं तसा. शब्द कळेनात. ‘स’ आणि ‘च’ तर गिळल्यासारखे. आवाज वाढवला तर माइक शिट्टी मारायला लागला. माइक स्पीकरच्या मागे नेला, शिट्टी थांबली, पण शब्द तसेच. दोन गाणी झाल्यावर काकींनी माइक खाली ठेवला.

"माझा गळाच गेला दिसतो. यंत्रात खरं कळतं. सुनेला उभी करा आता."

आम्ही गप्प. कबूल करतो, आमच्यापैकी काहींच्या मनात तेच आलं होतं. नवं कोरं यंत्र, अकरा हजाराचं, ते खोटं कशाला सांगेल? काकींचं वय झालं असेल. काकी झांज घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

सून उभी राहिली. तिचं वय अठ्ठावीस, आवाज खणखणीत. तिचंही तेच. टोप धरल्यासारखं. मग वहिनी गायली, आम्ही गायलो. सगळ्यांचे गळे एका रात्रीत कसे जातील?

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन लावला. खोदून विचारल्यावर त्याने सांगितलं की गिटारच्या अँप्लिफायरचा स्पीकर तारेच्या आवाजासाठी बनवलेला असतो, फार बारीक-तीक्ष्ण आवाज तो पुढे जाऊच देत नाही. तारेला ते शोभतं. माणसाच्या बोलण्यातले शब्द मात्र त्याच बारीक आवाजांवर ओळखू येतात. माइक ‘लागतो’ म्हणजे वायर बसते, एवढंच. हे आधी का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाला, तुम्ही बेंजो म्हणालात.

सातव्या दिवशी आम्ही चौघी एसटीने निघालो. अँप्लिफायर मागच्या सीटवर, बेंजो मांडीवर, आणि काकी. काकी यायला तयार नव्हत्या. दुकानात उभं राहून गायचं म्हणजे काय, असं म्हणत होत्या. दुकानदाराने कीबोर्डचा अँप्लिफायर काढला. त्यात बारीक आवाजासाठी वेगळा छोटा स्पीकर, माइकला वेगळी जागा, वाद्याला वेगळी. वहिनीने सूर धरला. काकी आधी अगदी हळू म्हणाल्या, मग दुसऱ्या कडव्याला डोळे मिटले. रस्त्यावरची दोन माणसं दुकानात आली. शब्दन् शब्द कळत होता.

"गळा आहे की," काकी म्हणाल्या, आणि माइक परत दिला.

हा चौदा हजारांचा. मंजूर कर्ज बारा हजार, वरचे दोन हजार आम्ही अकरा जणींनी काढले, आणि ठरावात तशी दुरुस्ती केली. गणपतीच्या चार सुपाऱ्या घेतल्या आहेत. मोठ्या मिरवणुकीला साउंड अजून भाड्यानेच लागेल, पण हळदीला आणि मांडवाला नाही.

एक मात्र खरं. बेंजो त्या पहिल्या यंत्रात जास्त गोड वाजत होता. वहिनी अजून त्याची आठवण काढते, आणि कोळीगीताच्या शेवटी फाटका आवाज आता येत नाही म्हणून पोरी रुसल्या आहेत. गोधड्या मात्र दर तालमीला लावतो. त्या आणायची पाळी या आठवड्यात काकींची आहे.