ओट्यावरच्या बाटल्या आणि हातातली पिशवी

आज बोलायचंय पाळी थांबल्यानंतरच्या हाडांबद्दल. पुरुष श्रोत्यांनी आवाज कमी करू नये. बायकोच्या हातातली जड पिशवी धावत जाऊन घेण्याची तुमची सवय आज जरा मोडायची आहे.

मी डॉक्टर नाही. कंपन्यांच्या संगणक प्रणाली मार्गी लावणं हे माझं काम, त्यामुळे कुठेही गेले की आधी यादी करते. तशीच तुम्हीही करा. तुम्ही, आई, सासूबाई, जे काही घेता ते सगळं एकदा ओट्यावर मांडा. इथल्या केमिस्टकडचं कॅल्शियम, 'पन्नाशीपुढच्या महिलांसाठी' असलेलं मल्टीव्हिटॅमिन, आणि भारतातून बॅगेत आलेली पाकिटं. व्हिटॅमिन डी दोन-तीन ठिकाणी सापडेल, आणि त्याची बेरीज बहुधा कुणीच केलेली नसेल.

भारतातल्या त्या पाकिटांवर बऱ्याचदा 60,000 युनिट लिहिलेलं असतं. ती सहसा आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच, आणि डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची. इथे ब्रिटनमध्ये रोजचा सल्ला आहे 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे 400 युनिट. आपल्या सावळ्या कातडीला तो हिवाळ्यापुरता नाही, वर्षभर लागू आहे. एनएचएस म्हणते, स्वतःच्या मनाने रोज 4,000 युनिटच्या वर जाऊ नका. कुणी ते पाकीट रोज घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये चार तास जाऊ द्या. नाहीतर थायरॉइडची गोळी नीट अंगी लागत नाही. आणि लोह? पाळी थांबली की रोजची गरज 14.8 मिलिग्रॅमवरून 8.7 वर येते. या वयात हिमोग्लोबिन कमी निघालं, तर नुसती गोळी सुरू करून भागत नाही; रक्त जातंय कुठे, हे डॉक्टरांनी बघायला हवं.

आता कॅल्शियम. इथला हिशेब दिवसाला 700 मिलिग्रॅमचा. पेलाभर दुधात 240च्या आसपास, त्यात वाटीभर दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी. आपल्या जेवणात हे बसतं. अमेरिकेत 36,000हून जास्त स्त्रियांना कॅल्शियम आणि डी देऊन, किंवा नुसतीच दिसायला तशी गोळी देऊन, सात वर्षं पाहिलं. 2006 मध्ये निकाल आला: खुब्याची हाडं मोडण्यात म्हणावा असा फरक नाही, मुतखडे मात्र वाढले. अर्थात हाडांच्या औषधाबरोबर डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं असेल तर ते माझं ऐकून बंद करू नका.

एमबीएच्या भाषेत, आपण पैसे चुकीच्या खात्यात टाकतो. हाड भार पडला की टिकतं. ऑस्ट्रेलियात विरळ हाडांच्या 101 स्त्रियांवर प्रयोग झाला, 2018 मध्ये छापून आला. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली. पार्कात गप्पा मारत फिरणं मनाला आणि हृदयाला उत्तम, पण हाडांसाठी तेवढं पुरत नाही.

म्हणून लगेच जाऊन चाळीस किलो उचलू नका. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा. ओट्याला धरून टाचा उचला. किराण्याच्या पिशव्या दोन्ही हातांत सारख्या वाटून स्वतः आणा. महिन्याभराने जवळच्या लेझर सेंटरमध्ये वजनं शिकवणारं कुणीतरी गाठा. साडीत येणाऱ्या मावशी मी तिथे पाहिलेल्या नाहीत, पण सलवार-कमीजमधल्या बऱ्याच आहेत. लाजायचं कारण नाही. मणक्याचं हाड ठिसूळ असल्याचं माहीत असेल तर मात्र पश्चिमोत्तानासनासारखं कमरेतून पुढे वाकणं विचारल्याशिवाय नको.

पासष्टी ओलांडली असेल, पाळी लवकर गेली असेल, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर जीपीला 'फ्रॅक्स' काढायला सांगा. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका त्यातून कळतो, आणि गरज वाटली तर डेक्सा स्कॅन होतो. त्यात एक प्रश्न असतो: आई किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं होतं का? उत्तर माहीत नसेल तर या रविवारी घरी फोन कराल तेव्हा विचारून ठेवा.