इर्विनच्या फाटकापाशी

अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय. अनेकांची पावलं तिथल्या फाटकापाशीच अडखळतात. एचआयव्हीची चाचणी करायची, अन् ओळखीचं कुणी भेटलं तर? ही धास्ती खरी आहे, तिला हसू नका.

पण आत गेल्यावर आधी समुपदेशक भेटतात. बोलणं बंद दाराआड होतं. तपासणी मोफत. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करायला आणि कुणाचा अहवाल बाहेर सांगायला मनाई केली आहे. या आजारापायी कुणाला नोकरीवरून काढणंही बेकायदा आहे.

एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराची, औषधं सरकार 2004 पासून मोफत देतं. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नेमानं घेतली, तर रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत, आणि तसंच टिकलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मला गावोगाव ओरडून सांगावंसं वाटतं!

गरोदर बाईनं पहिल्या तीन महिन्यांतच तपासून घ्यावं. आईला गोळ्या आणि जन्मल्याबरोबर बाळाला औषध मिळालं, तर बहुतेक बाळं या आजारापासून वाचतात. एका ताटात जेवल्यानं, एका हापशीवर पाणी भरल्यानं तो पसरत नाही. सुनेचं ताट वेगळं करू नका, मायबाई.

विचारायचं असेल तर 1097 हा क्रमांक फिरवा. फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.