कुडीची फिरकी आणि मोटारीचा दिवा

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेलं भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘घरच्या घरी’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा लोणची नाहीतर विणकाम असावं. मी मात्र बोलणार आहे मोटारीच्या पुढच्या दिव्यातला बल्ब घरच्या घरी बदलण्याविषयी. हसू नका. आधी मीही हसलेच होते.

झालं असं. २०२४ च्या ऑगस्टात चिपळूणला नणंदेच्या नातवाचं बारसं होतं. सासूबाईंना घेऊन मी गाडीने गेले होते आणि त्याच दिवशी साताऱ्याला परत यायचं ठरलं होतं. पण बारशाच्या घरातून वेळेवर कोण निघालं आहे? कुंभार्ली घाट लागला तेव्हा अंधारून आलं होतं, पाऊस होता आणि वर जावं तसं धुकं दाट होत होतं. एका वळणावर समोरून मालट्रक उतरत आला. रस्ता आधीच अरुंद, आणि हा पठ्ठ्या सरळ माझ्याच अंगावर! मी डावीकडे गाडी दाबली. चाक गटारात जाता जाता राहिलं. मागच्या बाजूला सासूबाई डुलक्या घेत होत्या, त्यांचं डोकं खिडकीवर आपटलं.

ट्रकवाला भला माणूस. थांबला, खाली उतरला. मी भांडायच्या तयारीतच होते, पण तो म्हणाला, “बाई, तुमची एकच बत्ती दिसली. मला वाटलं मोटारसायकल हाय, जाईल कडंकडंनं.”

मी पुढे जाऊन पाहिलं तर उजवा दिवा बंद. शेजारचा लहान दिवा मिणमिणत होता, पण धुक्यात तो कुणाला दिसणार? आता पाहा, आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. म्हणजे उजवा दिवा हा रस्त्याच्या मधल्या बाजूचा. तोच विझला, की समोरच्याला फक्त कडेचा दिवा दिसतो आणि उरलेली जागा मोकळी वाटते. त्या मोकळ्या वाटणाऱ्या जागेत आम्ही दोघी होतो.

दिवा पुरता गेला नव्हता. आमच्या गाडीच्या बल्बात दोन तारा असतात: एक अप्परची, ६० वॉटची, आणि दुसरी डिपरची, ५५ वॉटची. तुटली होती ती डिपरची. अप्पर लावला की दोन्ही दिवे लागत. पुष्कळ लोक तसेच अप्परवर हिंडतात, आणि समोरच्याचे डोळे दिपवतात. धुक्यात तर तो उजेड उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. शेवटी गाडी पावलापावलाने हेळवाकपर्यंत आणली आणि एका टपरीशेजारी लावून उजाडेपर्यंत आम्ही तिथेच बसून काढलं. सासूबाई विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या आणि मधूनच विचारीत, “एका बल्बासाठी?”

दुसऱ्या दिवशी गाडी दुरुस्तीच्या ठिकाणी नेली. तिथल्या तरुणाने न वाकताच सांगितलं, “मॅडम, बंपर उतरवावा लागेल. आज नंबर नाही. परवा गाडी ठेवून जा.” बल्बाची किंमत दोनशे रुपयांच्या आतबाहेर, आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट. मला राग आला तो पैशांचा नव्हे. परवापर्यंत संध्याकाळी गाडी काढायची नाही, एवढं त्याने किती सहज सांगितलं! बल्ब विकत घेतला आणि घरी आले.

आमच्या सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी होती. तिची समोरची चकचकीत रिंग काढली की दिवा पुढूनच हाती येई. पाच मिनिटांत मामंजी हात पुसून चहाला हजर. ती गाडी बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आता दिवा म्हणजे प्लॅस्टिकचं एक मोठं वाकडंतिकडं खोकं असतं. त्यातच अप्पर, डिपर, वळायचा दिवा सगळं बसवलेलं, पुढून अखंड काच, आणि बल्ब मागून घालायचा. मागे तर इंजिनाच्या खोलीत मुंबईच्या चाळीसारखी दाटी. आमच्या गाडीत एका दिव्यामागे बॅटरी आणि दुसऱ्यामागे काच धुण्याच्या पाण्याची नळी.

संयुक्त राष्ट्रांचा मोटारींच्या दिव्यांविषयी ४८ क्रमांकाचा नियम आहे. बल्ब तज्ज्ञाच्या मदतीशिवाय आणि गाडीबरोबर दिलेल्याखेरीज दुसऱ्या खास हत्यारांशिवाय बदलता आला पाहिजे, असं त्यात आहे. आमच्या गाडीच्या पुस्तिकेतही ‘हत्यार लागत नाही’ असंच लिहिलं आहे. ते खोटं नाही. हत्यार जाईल एवढी जागाच नाही! पुस्तिकेत चार चित्रं आहेत. त्यांतल्या हाताला मनगटच काढलेलं नाही, त्यामुळे तो हात कुठेही सहज जातो.

माझ्या हाताला मनगट आहे, आणि त्यात पाटल्या. इथे एक गोष्ट नीट ऐकून ठेवा. बॅटरीजवळ हात घालण्यापूर्वी पाटल्या, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवायच्या. बॅटरीचं अधिक टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सोन्याची पाटली टेकली, तर ती क्षणात तापून लाल होईल आणि मनगटासकट भाजेल. सासूबाईंना मोकळे हात रुचले नाहीत, पण कारण सांगितल्यावर त्यांनीच पाटल्या आपल्या हातात चढवल्या.

आधी तीन पायांचा प्लग ओढून काढायचा. तो उष्णतेने चिकटला होता. वायर धरून ओढायचं नाही, प्लगच धरून डावी-उजवीकडे हलवत सोडवायचा. माझी दोन नखं गेली. मग रबराची टोपी. तिच्याखाली बल्बाला दाबून धरणारी तारेची कडी. ती दाबून बाजूला सारली की बल्ब सुटतो.

जुना निघाला. नवा बसेना. बल्बाच्या कड्याला तीन कान असतात, वरचा रुंद आणि खालचे दोन अरुंद. ते आपापल्या खाचेतच बसले पाहिजेत. मी मोबाईलचा उजेड पाडला तर हाताला जागा उरेना. हात घातला तर उजेडाला जागा उरेना. हातआरसा घेतला, तर त्यात डावं ते उजवं दिसून पुरता घोळ झाला. तासाभराने कडी हातातून सटकून इंजिनात कुठेतरी टणकन पडली. ती लोहचुंबकाने शोधायला आणखी अर्धा तास. कोपरापर्यंत ओरखडे आणि काळं वंगण. खरं सांगते, मी पायरीवर बसले आणि मला रडूच आलं.

सासूबाई वृंदावनापाशी बसून सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, “अगं, कुडीची फिरकी तू बघून लावतेस का?”

मैत्रिणींनो, कानामागची फिरकी आपण जन्मभर न बघता लावतो. नेफ्यात नाडी न बघता ओवतो. आणि इथे मी तासभर डोळ्यांनी काम करायला पाहत होते! मी मोबाईल ठेवला, डोळे मिटले आणि आधी रिकाम्या भोकाभोवती बोट फिरवलं. वर रुंद खाच, खाली दोन अरुंद. मग बल्ब पुढे नेला. तो बसला तेव्हा आवाज झाला नाही, पण बोटाला कळलं. फिरकीचा आटा धरला की कळतं ना, अगदी तसंच. कडी अंगठ्याने दाबून अडकवली. सारं मिळून चार मिनिटं.

पण एक चूक झाली होती. बल्ब काचेला धरून उचलला होता, आणि त्याआधी मी नातीची वेणी घातली होती. या हॅलोजन बल्बाची काच साधी नसते, क्वार्ट्झची असते, आणि ती विलक्षण तापते. तिला तेलाचं बोट लागलं, तर तेवढाच भाग जास्त तापून बल्ब लवकर जातो. तेव्हा पुन्हा काढला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, स्वच्छ फडक्यात धरून पुन्हा बसवला. दुसऱ्यांदा रडू आलं नाही.

रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर लावला. उजेडाची वरची कड उजवीकडे आडवी सरळ आणि डावीकडे किंचित चढती दिसली पाहिजे, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. कान खाचेत नसला तर हीच कड विस्कटते. दुकानदार शंभर वॉटचे किंवा पांढरे झगझगीत एल.ई.डी. बल्ब पुढे करतात. ते घेऊ नका. पहिल्याने वायर आणि प्लग वितळतात, दुसऱ्याचा उजेड हॅलोजनसाठी केलेल्या दिव्यात भलतीकडे फाकतो. काही नव्या गाड्यांत मूळचेच एल.ई.डी. असतात, तिथे बहुधा बल्ब बदलायची सोयच नसते, अख्खं खोकं बदलावं लागतं. त्यांच्यापुढे माझा इलाज नाही.

तीन आठवड्यांनी डावा दिवाही गेला. दोन्ही बल्ब एकाच वेळचे, त्यामुळे ते ओघानंच आलं. तो अकरा मिनिटांत बदलला. आता दोन जादा बल्ब सुपारीच्या जुन्या डब्यात, फडक्यात गुंडाळून, गाडीतच असतात.

आज इथे येताना फाटकापाशी लावलेल्या गाड्यांत एक एकाक्ष गाडी दिसली. कुणाची आहे ते विचारत नाही. रविवारी सकाळी नऊला आमच्या अंगणात घेऊन या. बल्ब तुमचा, स्पिरिट माझं. बांगड्या मात्र घरी काढून या. सासूबाईंच्या हातात आता जागा नाही.