संत्री खाणारा एकटा माणूस

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

या अधिवेशनाचं अध्यक्षपद दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. बोटीची रांग सोसून, खाडी ओलांडून आपण गोराईला आलात, त्याबद्दल आपलेही. रिवाजाप्रमाणे वर्षभराचा आढावा घ्यायचा असतो. प्रश्नपेढी, प्रकल्पाचे गुण, तोंडी परीक्षा यांवर निबंध आलेच आहेत, ते वाचावेत. माझी एक जुनी तक्रार आहे, तिला आज वाट करून देतो.

बारावीला आपण उपयोगिता शिकवतो ती कोणाची? एक माणूस बसतो आणि संत्र्यामागून संत्रं खातो. सीमांत उपयोगिता दहा, आठ, सहा अशी उतरत शून्यावर येते, तरी गडी उठत नाही. उणे दोनपर्यंत खातो, कारण फळ्यावरचा वक्र अक्षाखाली न्यायचा असतो! त्याला बायकोमुलं नाहीत, वाण्याची उधारी नाही. संत्री आणली कोणी, हेही तो विचारत नाही.

गंमत अशी, की ज्या मार्शलसाहेबांच्या नावावर हे खपतं त्यांच्याकडे एक बाई आहे. 1890च्या ग्रंथात, हातातली वस्तू निरनिराळ्या गरजांवर कशी वाटावी हे सांगताना त्यांनी जुन्या काळातली गृहिणी घेतली. वर्षाच्या लोकरीतून मोजक्या लडी मिळाल्या. मोजे किती करायचे, बंड्या किती? घरातल्या सगळ्यांची थंडी तिला बघायची. आपण त्या बाईला वर्गाबाहेर काढलं आणि संत्रेखाऊ ठेवला. माणसाला घरातून असं एकटं काढणं सरकारी पाहणीलासुद्धा जमत नाही. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे कुटुंब, असं धरूनच ती उपभोगखर्च मोजते. 2022-23 मध्ये त्या खर्चात अन्नाचा हिस्सा शहरांत साधारण 39 टक्के आणि खेड्यांत 46 टक्के निघाला, तो चुलीचाच हिशेब.

सकाळच्या सत्रात दोन निबंधकारांची चांगलीच जुंपली. उपयोगिता आकड्यात मोजता येते, की हिक्स आणि ॲलन यांनी 1934 मध्ये म्हटल्याप्रमाणे नुसता पसंतीचा क्रम लावणं पुरे? माझ्यापुरता हा वाद याच खाडीत मिटला. पाटी घेऊन बोरिवलीला निघालेल्या एका मावशींना मी बोटीत विचारलं, सुरमई तुम्हाला बांगड्याच्या किती पट आवडते? त्या म्हणाल्या, "मास्तर, सुरमई इकायची, बांगडा घरी. आवडीचं कोन इचारतंय?" आता लावा क्रम.

दुसरी गोष्ट उत्तरपत्रिकेची. घटती सीमांत उपयोगिता उदाहरणासह स्पष्ट करा, असा प्रश्न होता. मुलीने लिहिलं होतं: आई सकाळी म्हावऱ्याचा लहान वाटा लावते, ऊन चढलं की तेवढ्याच पैशांत मोठा, आणि गिऱ्हाईक दुसरा वाटा घ्यायला थांबतं ते पहिल्यापेक्षा स्वस्त दिला तरच. मित्रहो, मागणीचा वक्र खाली का उतरतो ते त्या मुलीने दोन ओळींत सांगितलं होतं. मी पूर्ण गुण दिले. नियामकांनी एकावर आणले. व्याख्या नाही, गृहीतके नाहीत, आकृती नाही! मी भांडलो. नमुना उत्तर माझ्यापुढे सरकवण्यात आलं. त्यात संत्री होती.

आणि ती गृहीतके तरी कसली? इतर परिस्थिती कायम असताना म्हणे. जून-जुलैत मासेमारी बंद, मग श्रावण. या गावात परिस्थिती कायम असते कधी?

तेव्हा एक काम हाती घेऊ. अकरावीपासून प्रत्येक मुलाने घरखर्चाची महिन्याची वही ठेवावी आणि त्यातून उपयोगितेचं प्रकरण शिकवावं. पैसे कमी पडले तेव्हा काय कापलं, आणि कोणाचं कापलं, हा रकाना हवाच. वही कोणी आखायची, गुण कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, ते कार्यकारिणी बघेल. निवेदनाचा मसुदा दिवाळीच्या सुट्टीत मी करतो. घरची ओढाताण वर्गात उघडी पडेल, ही शंका रास्त आहे. वह्या नाव न घालता घ्याव्यात, एवढंच आज सुचतं.

तोच पसंतीचा क्रम दाखवणारे समवृत्ती वक्र पुन्हा शिकवावेत असा ठराव दुपारी येणार आहे. माझा हात विरोधात वर होईल, हे आत्ताच सांगून ठेवतो.