चाहता वाचक आणि त्याची कथा
(शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लामता हे गाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि भंडारा हे जिल्हे तत्कालीन मुंबई राज्यात गेले. बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. शाळा हिंदीची, कचेरी हिंदीची. मराठी राहिली ती घरात आणि गोंदियाकडच्या सोयऱ्यांनी आणलेल्या पुस्तकांत. अशा गावातील एखादा मुलगा रात्री कंदिलाशी 'मृत्युंजय' वाचून संपवितो. कर्णाचा अंत त्याला सोसत नाही. ही तळमळ सांगावी कोणाला, हे मात्र त्याला उमगत नाही.

आवडत्या कथेतील पात्रे घेऊन वाचकाने स्वतः रचलेल्या कथेला आज 'फॅन फिक्शन' म्हणतात. तिचा उगम या तळमळीत असतो. परंतु एकट्याची तळमळ बहुधा विझून जाते. तिला सोबती भेटावा लागतो. त्या मुलाला तो ग्रंथालयात भेटतो. पुस्तकाच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटलेले असतात. समासात कोणीतरी पेन्सिलीने खूण केलेली असते. आपल्याआधी येथे कोणी रडून गेले आहे, हे त्याला कळते. आपण चाहते आहोत, हा शोध माणसाला असा दुसऱ्या चाहत्यामुळे लागतो.

इंग्लंडात हेच घडले. कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सला कथेत मारले. वाचक खवळले. अखेर १९०३ साली लेखकाला त्याला परत आणावे लागले. १९३४ साली लंडन व न्यूयॉर्क येथे होम्सप्रेमींची मंडळे स्थापन झाली. १९६७ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' हे नियतकालिक काढले. त्याच वर्षी मराठीत शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त' प्रसिद्ध झाले, हा योगायोग लक्षणीय आहे.

आपली परंपरा तर याहून जुनी. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणे रचल्याचे सांगतात. त्यांत ओष्ठ्य वर्ण वर्ज्य केलेले 'निरोष्ठ रामायण'ही आहे. कथा तीच, शेवट तोच; तरी पुन्हा सांगण्याची हौस फिटत नव्हती. कीर्तनकार आख्यान रंगवितो, तेव्हाही मूळ कथेत तो आपले काही मिसळतोच.

येथे एक विवेक हवा. व्यासांची कथा सर्वांची आहे. हयात लेखकाचे पात्र त्याचे आहे. त्या पात्रावर लिहिताना ऋण मान्य करावे, त्याचा व्यापार करू नये. एवढे पथ्य पाळले, तर अशा लेखनाला चोरी म्हणून हिणविण्याचे कारण नाही. लिहिण्याचा पहिला सराव अनेकांना त्यातूनच घडतो.

लामत्याच्या त्या मुलाने समजा वहीत कर्णाचा वेगळा शेवट लिहिला, तर ती वही वाचणार कोण? शाळेत मराठी नाही; मित्रांना ती लिपी वाचता येईल, पण भाषेचा जीव लागणार नाही. वाचक न मिळालेली वही रद्दीत जाते, आणि तिच्याबरोबर त्या घरातील लिहिती मराठीही.

शंभर वर्षे या ग्रंथालयाने छापील पुस्तके सांभाळली. पुढील शतकात एक फळी अशा हस्तलिखित वह्यांसाठी ठेवावी आणि त्या वाचकांना घरी न्यायला द्याव्यात. चिठ्ठीवर दुसरा शिक्का उमटला, की लिहिणारा तिसरी वही घेईल.