टंचाईतला भाव

आम्ही नेरूळहून बोलतोय. आज बोलायचंय ते अडचणीच्या वेळी वाढणाऱ्या भावांबद्दल.

मार्च 2020 आठवतोय ना? कोरोना आला आणि मास्क, सॅनिटायझर दुकानातून गायब झाले. 13 मार्चला केंद्र सरकारने दोन्ही वस्तू जीवनावश्यक ठरवल्या. आठवड्याभरात भावही बांधून दिला: तीनपदरी मास्क 10 रुपये, सॅनिटायझरची 200 मिलीची बाटली 100 रुपये. पण आदेशाने मास्क तयार होत नाही, तो कुणीतरी शिवावा लागतो. कारखान्यांनी काम वाढवलं, गावोगावच्या बचत गटांच्या बायका मशीनवर बसल्या, तेव्हा माल दिसू लागला. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने तोच तीनपदरी मास्क 4 रुपयांवर आणला.

भाजीचं गणित वेगळं. तिच्यावर छापील किंमत नसते. वाशीचा घाऊक बाजार आमच्या शेजारीच. मे 2020 मध्ये तो काही दिवस बंद होता. म्हणजे इकडे भाजी महाग आणि तिकडे तुमच्या शेतात माल पडून. मधली वाटच तुटली होती. काही शेतकरी गटांनी टेम्पो भरून थेट सोसायट्यांच्या दारात भाजी आणली, त्यात दोघांचंही भलं झालं.

काही जण म्हणतात, भाव वाढू द्या, म्हणजे लांबून माल येईल आणि कुणी गरजेपेक्षा जास्त उचलणार नाही. यात तथ्य आहे. पण रस्ताच बंद असेल तर दुप्पट भावानेही ट्रक येत नाही. आणि जिची रोजची मजुरीच थांबली, तिने काय करायचं?

आम्ही फरक असा करतो. ड्रायव्हर जास्त भाडं मागतो, गाडी रिकामी परत जाते, म्हणून भाव वाढला तर ती लूट नव्हे. जुन्या भावात घेतलेला माल दडवून दुप्पट भावाने काढला, तर ती लूटच.

उद्या पूर आला आणि तुमच्याच गटाकडे तांदूळ, तेल शिल्लक असलं, तर? खरेदी आणि वाहतूक फळ्यावर लिहा, नेहमीचाच नफा धरा, आणि घरटी किती द्यायचं ते आधी बैठकीत ठरवा. रांग लागल्यावर ठरवायला गेलात तर भांडणं होतात. पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा कुणी जास्त मागितलं, तर बिल मागून घ्या आणि 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.